चित्रकारानं कादंबरी लिहायची तर सुरुवात कुठनं करायची

सगळ्यात आधी हे डोक्यातनं काढा की कादंबरी म्हणजे चित्रांचं स्पष्टीकरण, तसं लिहिलं की कॅटलॉग होतो. तुमच्या प्रॅक्टिसमधलंच ते एक काम समजा, कॅनव्हासवर जे मावत नाही, म्हणजे काळ, बोलणं, मनातली भीती, ते तिथं जाऊ दे. जॉर्जो दे किरिको या चित्रकारानं १९२९ साली कादंबरी छापली होती, आणि आपल्या कोल्हापुरात बाबुराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवत रंगवत थेट सिनेमात गेले, त्यामुळं माध्यम बदलायला घाबरू नका.

प्लॉट शोधत बसू नका, स्केचबुक उघडा. संध्याकाळी रंकाळ्यावर बसून जे दिसतंय ते शब्दात उतरवा, पण "पाणी निळं" असं लिहायचं नाही, काठाशी शेवाळी, पुढं शिशासारखं करडं, आणि भेळेच्या गाडीचा पिवळा बल्ब पाण्यात लांबट होऊन हलतोय, असं लिहा. आपला डोळा हेच आपलं भांडवल आहे, खरंच. मग तिथं एक माणूस आणून बसवा आणि तो काय लपवतोय ते विचारा, गोष्ट तिथनं सुटते.

मला सगळ्यात आवडणारी पद्धत म्हणजे पात्रालाच चित्रकार करायचं आणि त्यानं कादंबरीत केलेली चित्रं आपण स्टुडिओत खरोखर करायची, चित्र बिघडलं तर प्रकरण बदलायचं.

भाषा घरचीच ठेवा. शाहू स्मारकला प्रदर्शन लावाल तेव्हा हस्तलिखित टेबलावर ठेवा, शेजारी खुर्ची हवीच, उभ्यानं कोण वाचणार. छपाईला डिजिटल प्रिंटवर थोड्याच प्रती काढा.