चिक्कू मारत नव्हता! जुनी ओम्नी मिसिंग करते तेव्हा

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरलासुद्धा गाडी थरथरायला लागली. मागं कास रोडच्या एका हॉटेलला द्यायची सोनचाफ्याची चाळीस रोपं. सपाटीला ठीक, चढाला ॲक्सिलेटर दाबला की फुटफुट आणि मधेच एक हिसका. याला मिसिंग म्हणतात. तीनपैकी एका सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, आणि उरलेले दोघं तिसऱ्याचंही ओझं ओढतात.

माझी मारुती ओम्नी 1994 ची, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), 796 सीसी. पुन्हा पासिंग चार वेळा झालंय. लिंबला आमची रोपवाटिका आहे आणि तिचा सगळा माल हीच वाहते. आदल्या वर्षीही अशीच मिसिंग करत होती. तेव्हा एका गॅरेजवाल्यानं आधी कार्बोरेटर साफ केला, मग बदलला, मग पेट्रोल पंप बदलला. पैसे गेले आणि घाटात परत तेच. शेवटी धाकटे दीर आले. एसटीत मेकॅनिक होते, आता रिटायर. मी प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो तो) काढायचा पाना घेऊन उभीच होते. म्हणाले, "वहिनी, पाना ठेवा खाली. कुठलं मेलंय ते तरी बघा आधी." तेव्हापासून मी स्वतः बघते.

तर पहिलं काम, नंबर शोधायचा. ओम्नीचं सीट उचललं की खाली इंजिन. बेल्टच्या बाजूचा एक नंबर, मग दोन, तीन. तिन्ही प्लगच्या वायरींना खूण करा, नाहीतर परत लावताना अदलाबदल होते. माझ्याकडं रोपांची लेबलं पडलेली असतात, तीच बांधते: एक आंबा, दोन चिक्कू, तीन पेरू. या इंजिनात करंट 1-3-2 असा फिरतो, म्हणजे आंबा, पेरू, चिक्कू. ते आता माझ्या पोरालाही पाठ झालंय.

गाडी हवेशीर जागी, दारं उघडी, न्यूट्रल आणि हँडब्रेक. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधा, तोवर स्टार्टर मारायचा नाही. चालू इंजिनवर वायर हातानं उपटायची नाही, झटका जबर बसतो. इंजिन बंद करून एक वायर काढा, तिच्यात जुना प्लग खोचा, त्या प्लगचं लोखंड तारेनं इंजिनला घट्ट बांधा, मगच चालू करा. दहा सेकंद ऐका, बंद करा. इंजिन आणखी लडखडलं, तर तो सिलिंडर चांगला काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर मेलेला तोच. आंब्याला गाडी बसली, पेरूला बसली, चिक्कूला ढिम्म. (इंजेक्शनच्या नव्या गाडीत हा खेळ करू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. तिथं स्कॅनर लावा, पी0302 हा कोड आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय.)

मग प्लग काढा, पण इंजिन गार झाल्यावरच. हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावला की आटे जातात, आणि आट्यांचं काम प्लगच्या कितीतरी पट महाग. प्लगचं तोंड दुधाच्या चहाच्या रंगाचं असेल तर सगळं बरं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलनं ओला म्हणजे ठिणगीच नाही. तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. पांढराफटक असेल तर हवा जास्त. फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्या) प्लगच्या टोकाची गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवा. बसवताना आधी बोटांनी फिरवा, पाना शेवटी.

माझा चिक्कूचा प्लग पेट्रोलनं ओला होता. नवा आणायला लगेच पोवई नाक्यावर पळायचं नाही. चिक्कूचा प्लग आंब्याला, आंब्याचा चिक्कूला. आजार प्लगबरोबर आंब्यावर गेला तर प्लग खराब. माझा गेला नाही, चिक्कूतच राहिला. मग वायर. इथं माझा नर्सरीतला फवारा कामी आला. धुऊन घेतलेला, नुसतं पाणी भरलेला, औषधाचा नव्हे. रात्री अंगणातले दिवे बंद करून, हात लांब ठेवून चालू इंजिनच्या वायरींवर बारीक धुकं मारलं. दोन नंबरच्या वायरीच्या रबरी टोपीपाशी निळी ठिणगी तिडतिडत हेडवर उडताना स्पष्ट दिसली. करंट प्लगपर्यंत पोचतच नव्हता, बाहेरच्या बाहेर पळत होता. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जड जातं, म्हणून तिथं आधी मिस होते.

मीटर असेल तर तिन्ही वायरींचा रेझिस्टन्स मोजा. आकडा पाठ करायची गरज नाही. लांबीच्या मानानं एखादीचा फार वेगळा आला किंवा आलाच नाही, तर ती बाद.

वायर निर्दोष निघाली तर डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे तिन्ही प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डब्याची, कॅप उघडा. आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला, ती घासून जात नाही. आत फिरणाऱ्या रोटरचं टोकही बघा. पॉइंटवर (आतला करंट तोडजोड करणारा स्विच) खड्डे असतील तर बदला, गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर. पॉइंट हलवला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं, तेवढं मात्र टायमिंग लाइटवाल्याकडून करून घ्या, मी ते घरी करत नाही.

तिन्हीकडं थोडं थोडं मिस, किंवा नुसतं स्लोइंगलाच (गाडी उभी, पाय काढलेला) होत असेल, तर हवा किंवा पेट्रोल. कार्बोरेटरखालचं गॅस्केट आणि व्हॅक्युमचे पाइप चिरलेत का बघा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्या उसापासूनही बनतं, पण तीस वर्षांच्या रबराला ते मानवत नाही. पाइप बदलताना इथेनॉलला चालणारे मागा.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी एकच सिलिंडर मेलेला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजतात. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) फार घट्ट असले तरी व्हॉल्व्ह जळतो. दोन शेजारचे सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केटचा संशय. इथून पुढं गॅरेज, पण जाताना कुठला नंबर हे सांगूनच जायचं.

माझ्या वायरीची टोपी का फुटली, ते वायर काढल्यावर कळलं. वाफ्यातून उचललेले ओले ट्रे मी डाव्या सीटवर ठेवायची, आणि त्यातलं पाणी सीटच्या कडेनं थेट इंजिनावर ठिबकायचं. टोपीवर पांढरा मातकट थर बसला होता. आता ट्रे मागंच, खाली जुना फ्लेक्स अंथरून. तिन्ही वायरी नव्या टाकल्या, जुन्यातल्या चांगल्या दोन सीटमागं आहेत, आंबा आणि पेरूची लेबलं अजून त्यांना तशीच आहेत.