फिनिक्सला फ्लाइंग शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी

नमस्कार मंडळी. दरवर्षी नाशिक, सांगली, पुण्याकडची दोनचार पोरं तरी इकडे ॲरिझोनात पायलट व्हायला येतात आणि गणपतीत भेटली की तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. मी पोटापाण्याला आयटीवाला, विमान हौसेखातर उडवतो, लायसन्स इथलंच प्रायव्हेट पायलटचं. एअरलाईनच्या इंटरव्ह्यूबद्दल मला विचारू नका, बाकी सगळं विचारा.

सगळ्यात आधी एक डोक्यात फिट्ट करून घ्या. इथे तुम्हाला लायसन्स देणार एफएए (अमेरिकेचं विमान खातं), पण परत जाऊन भारतात नोकरी करायची असेल तर तुमचे तास मोजणार डीजीसीए (आपल्याकडचं विमान खातं), आणि दोघांचा हिशोब सारखा नाही. इथल्या इन्स्ट्रक्टरला एफएएचे नियम तोंडपाठ असतात, डीजीसीएशी त्याचं काही देणंघेणं नसतं, त्यामुळे ती काळजी तुमची तुम्हीच घ्यायची. प्रायव्हेट लायसन्स हातात आलं की इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाही, कंट्रोल तुमच्याकडे असतील तर इथे तो वेळ पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाचा मुख्य पायलट) म्हणून लिहिता येतो. मित्र बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावून प्रॅक्टिस करतोय आणि तुम्ही शेजारी बाहेर लक्ष ठेवणारे सेफ्टी पायलट, तर तेही काही अटींवर चालतं. डीजीसीए असल्या तासांना पीआयसी धरत नाही. कमर्शियल लायसन्ससाठी त्यांना एकूण २०० तास लागतात, त्यात १०० पीआयसी, त्यातले २० क्रॉस कंट्री (दुसऱ्या एअरपोर्टपर्यंतची लांबची फ्लाइट), रात्रीचे पाच तास आणि त्यात किमान दहा टेकऑफ-लँडिंग, शिवाय इन्स्ट्रुमेंटचे (नुसती उपकरणं बघून उडवायचे) १० आणि त्यातले जास्तीत जास्त पाच सिम्युलेटरवर. लॉगबुकात भरपूर पीआयसी दिसतंय पण डीजीसीएच्या चाळणीतून निम्मंच खाली पडतं, असं झालेली पोरं बघितलीत मी, आणि मग तिकडे जाऊन परत पैसे भरून उडा. पहिल्या दिवसापासून एक्सेलमध्ये डीजीसीएचा वेगळा कॉलम ठेवा, दर रविवारी भरा, कंटाळा करू नका.

लांबच्या क्रॉस कंट्रीचंही तसंच. डीजीसीएला ३०० नॉटिकल मैलांची ट्रिप हवी, वाटेत दोन वेगळ्या एअरपोर्टवर फुल स्टॉप लँडिंग करून. एफएएला कमर्शियलसाठी ३०० मैल, तीन ठिकाणी लँडिंग आणि त्यातलं एक ठिकाण निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत किमान २५० मैलांवर. नीट आखलं तर एकाच फ्लाइटमध्ये दोन्ही उरकतं. गंमत बघा, फिनिक्सच्या डीअर व्हॅली एअरपोर्टवरून निघून सॅन डिएगोच्या मॉन्टगोमेरी फील्डला गेलात तर ते बसतं, पण इथल्याच गुडइयर एअरपोर्टवरून निघालात तर तेच मॉन्टगोमेरी २५० च्या आत पडतं! नकाशावर मोजून मगच विमान बुक करा. आणि टच अँड गो (चाकं टेकवून लगेच परत वर) नाही, फुल स्टॉप, म्हणजे पूर्ण थांबायचं.

इकडे यायच्या आधीची कामं. डीजीसीएचं मेडिकल, आधी क्लास टू मग क्लास वन, शाळेला एक रुपया द्यायच्या आधी करून घ्या. डोळ्यांचं, रंग ओळखण्याचं काही निघालं तर ते भारतात असतानाच कळलेलं बरं. जमले तर डीजीसीएचे पेपरही देऊन या, तिकडे क्लासेस आहेत आणि इथे आल्यावर दमून संध्याकाळी एअर रेग्युलेशन्स वाचायचा उत्साह कुणाला राहत नाही. व्हिसा बहुतेकांना एम-१ (व्यावसायिक कोर्सचा) मिळतो, त्यावर नोकरी बंद म्हणजे बंद, ओळखीच्या दुकानात कॅशवर शनिवार-रविवार वगैरे कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. एम-१ वरून पुढे एफ-१ (कॉलेजचा स्टुडंट व्हिसा) करून घेऊ असंही कुणी सांगेल, ते होत नाही. राहायची परवानगी एका वेळी फार तर वर्षाची असते आणि कोर्स हमखास लांबतो, कधी विमान मेंटेनन्सला, कधी चेकराइडला (लायसन्सच्या प्रात्यक्षिक परीक्षेला) एक्झॅमिनरची तारीखच मिळत नाही, म्हणून मुदतवाढीचा अर्ज वेळेत टाका. टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी, बोटांचे ठसे, हे झाल्याशिवाय ट्रेनिंग सुरूच होत नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो, सगळी फी एकदम भरू नका. दहा टक्के डिस्काउंट देतो म्हणाले तरी नाही. फ्लाइंग स्कूल बंद पडतात, आणि बंद पडल्या की ॲडव्हान्स परत मिळवताना बापाचं कर्ज तसंच चालू राहतं. जेवढं उडाल तेवढं भरा. या अटीला शाळा तयार नसेल तर दुसरी शाळा बघा.

आता उन्हाळा. जूनमध्ये ४३-४५ डिग्रीचे दिवस नेहमीचेच, आणि हे नुसतं घामाचं प्रकरण नाही. डीअर व्हॅली समुद्रसपाटीपासून १४७८ फुटांवर, पण ४३ डिग्रीला हवा विरळ होते आणि डेन्सिटी अल्टिट्यूड (विमानाला जाणवणारी उंची) पाच हजार फुटांच्या वर जाते, म्हणजे विमानाला वाटतं आपण महाबळेश्वरच्याही वर उभे आहोत. सेसना १७२ फुल टँक आणि दोन धट्टीकट्टी माणसं घेऊन अक्षरशः रांगत चढते. त्यामुळे पहाटे पाचचा स्लॉट मागून घ्या, दुपारी ग्राउंडचा अभ्यास. जुलै-ऑगस्टात इकडेही मॉन्सून येतो, त्याला आपला पाऊस समजू नका, धुळीची भिंत चालून येते, हबूब म्हणतात, ते दिसलं की उडायचा विचारही नको.

रेडिओला सगळेच घाबरतात. डीअर व्हॅलीवर दोन समांतर रनवे, पॅटर्नमध्ये (रनवेभोवतीच्या फेरीत) एकाच वेळी पाचसहा विमानं, कंट्रोलर सुसाट बोलतो. येण्याआधी लाइव्ह एटीसी ॲपवर इथला टॉवर ऐकत जा, आंघोळ करताना लावून ठेवा हवं तर. आपल्याकडे सरांना परत विचारायची लाज वाटते ना, ती सवय इथे घातक आहे. कळलं नाही तर से अगेन म्हणा, कळलं नसताना रॉजर म्हणू नका, आणि कॉलमध्ये स्टुडंट पायलट आहे असं सांगून टाका, ते आपोआप हळू बोलतात.

राहायचं म्हणाल तर गाडीशिवाय इथे काही होत नाही, चारजणांत एक जुनी गाडी घ्या. डाळ-तांदूळ, कढीपत्ता चँडलरला ली ली सुपरमार्केटमध्ये मिळतो. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, बेनाड्रिल घेतली तर एफएएच्या हिशोबाने ६० तास उडता येत नाही. घरून आणलेली काढे-चूर्णं पण आधी एएमईला (पायलटांचं मेडिकल करणाऱ्या डॉक्टरला) दाखवा. आईला फोन करायचं सोपं आहे, ॲरिझोनात घड्याळं पुढंमागं करत नाहीत, बारा महिने साडेबारा तासांचाच फरक.

परत निघताना लॉगबुकवर शाळेचे सही-शिक्के घ्या. चेकराइडनंतर मिळतो तो तात्पुरत्या लायसन्सचा कागद १२० दिवसच चालतो, प्लॅस्टिकचं कार्ड पोस्टाने येतं, तेव्हा पत्ता बरोबर द्या. आणि भारतात गेल्यावर तुमचा पत्ता अमेरिकेतला राहणार नाही, त्यामुळे २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे एफएएकडे इथल्या कुणाचं तरी नाव एजंट (तुमच्या वतीने एफएएची पत्रं घेणारा) म्हणून नोंदवावं लागतं. न्यू जर्सीचा मामा असेल तर त्याला आत्ताच विचारून ठेवा. कुणीच नसेल तर मला मेसेज करा, मार्ग काढू.