नोड बसवण्याआधी घरच्या कॉम्प्युटरची तयारी

शनिवारी संध्याकाळी बिटकॉइन नोडचा सिंक, म्हणजे सगळी साखळी उतरवून तपासायचं काम, सुरू करायचा बेत असेल, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) त्याआधी हातात हवी. बाकी सगळं नंतर जमवता येतं. ‘बिटकॉइन कोअर’ या प्रोग्रॅमने बिटकॉइनचा पूर्ण नोड चालवायचा म्हणजे ३ जानेवारी २००९च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एकेक गठ्ठा) आजवरची अख्खी साखळी आपल्याच मशिनवर तपासून घ्यायची. यात वेळ कुठे जातो, याचा अंदाज पहिल्या खेपेला माझा साफ चुकला. मी प्रोसेसर चांगला आहे म्हणून निश्चिंत होतो आणि जुन्या लॅपटॉपच्या फिरत्या हार्डडिस्कवर काम सुरू केलं. २०१४ पर्यंतचे ब्लॉक भराभर सरले. पुढे मात्र रात्रभर डिस्क करकरत राहायची आणि सकाळी लॉगमधली, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींमधली, तारीख जेमतेम काही दिवसांनी पुढे सरकलेली असायची. प्रोसेसर जवळजवळ रिकामाच होता.

कारण असं, की प्रत्येक व्यवहारात वापरलेलं नाणं आधी खर्च झालेलं नाही ना, हे पाहावं लागतं. न खर्चलेल्या नाण्यांची ही यादी, म्हणजे चेनस्टेट, आज साधारण १०-१२ जीबीची आहे आणि तिच्यात शोधाशोध कुठल्याही कोपऱ्यात करावी लागते. एसएसडीला त्याचं काही वाटत नाही, फिरत्या डिस्कचा जीव त्यातच जातो. म्हणून चेनस्टेट एसएसडीवरच ठेवा. पूर्ण साखळी ६०० जीबीच्या वर गेली आहे आणि एवढी मोठी एसएसडी परवडत नसेल, तर ‘ब्लॉक्सडिर’ हा पर्याय वापरून ब्लॉकच्या जाडजूड फायली जुन्या हार्डडिस्कवर टाकता येतात. त्या एकामागून एक लिहिल्या जातात, तिथे संथ डिस्क चालते. जागाच नसेल तर प्रूनिंग करा, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात, अगदी ५५० एमबीपर्यंतच ब्लॉक ठेवता येतात. पण डाउनलोड आणि तपासणी तेव्हाही सगळ्याचीच होते, हे लक्षात घ्या. बाहेरून जोडणार असाल तर केबलवर कंजुषी नको. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबल घेताना यूएसबी ३ची आहे ना, हे विचारून घ्या आणि घरी आल्यावर एखादी मोठी फाइल कॉपी करून वेग बघा.

मग रॅम. सेटिंगमधला ‘डीबीकॅश’, म्हणजे या यादीसाठी रॅममध्ये राखलेली जागा, मुळात लहान असतो; बरीच वर्षं तो ४५० एमबीचा होता. १६ जीबी रॅम असेल तर सिंकपुरता तो ८००० करा, ८ जीबी असेल तर ३०००च्या आसपास ठेवा. यादीचा मोठा भाग रॅममध्ये राहिला की डिस्कवरच्या फेऱ्या कमी होतात, आणि फुकटात मिळणारा सगळ्यात मोठा फायदा हाच. ब्राउझरचे पन्नास टॅब मात्र त्या दिवसांत बंद. विंडोज असेल तर नोडचं फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

‘अझ्यूमव्हॅलिड’ या सेटिंगला हात लावू नका. प्रोग्रॅममध्येच नोंदलेल्या एका ब्लॉकपर्यंतच्या सह्या त्यामुळे तपासल्या जात नाहीत, पण रकमा, दुबार खर्च आणि माइनिंगचं काम हे सगळं तपासलं जातंच. प्रत्येक सही स्वतः तपासायची असेल तर तो शून्य करा, ते मला मनापासून आवडतं, पण मग बराच जास्त वेळ हाताशी ठेवा. घाई असेल तर २८व्या आवृत्तीपासून ८,४०,००० व्या ब्लॉकचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या चेनस्टेटची तयार प्रत, घालता येतो. त्याचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या माहितीची ओळख पटवणारा आकडा, प्रोग्रॅममध्येच कोरलेला असल्यामुळे फाइल कुणाकडूनही घेतली तरी चालते. नोड आधी आजच्या ब्लॉकला पोचतो आणि मागची तपासणी पाठीमागे चालू राहते. ती पूर्ण होऊ द्या, मध्येच समाधान मानू नका.

आता विजेचं. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकराला सांगायला नको, आणि सिंक गुरुवारपर्यंत लांबण्याची शक्यता असते. मोठा डीबीकॅश म्हणजे बरंच काम अजून डिस्कवर उतरलेलं नसतं, वीज गेली की तेवढं वाया जातं. माझ्याकडे एकदा चेनस्टेटच बिघडलं. तेव्हा ‘रीइंडेक्स-चेनस्टेट’ या पर्यायामुळे ब्लॉक पुन्हा डाउनलोड करावे लागले नाहीत, तपासणी मात्र पहिल्यापासून करावी लागली. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच. बुधवारी रात्री झोपण्यापूर्वी नोड नीट बंद करा आणि शटडाउन पूर्ण झाल्याची (‘डन’) ओळ लॉगमध्ये येईपर्यंत बटणाला हात लावू नका. कॅश डिस्कवर उतरायला काही मिनिटं लागतात.

एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालून दोन जाड पुस्तकांचा आधार द्या, पंखा त्याच्याकडे वळवा, कारण तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. इंटरनेट प्लॅनची महिन्याची मर्यादा एकदा बघून घ्या, मोबाइल हॉटस्पॉटवर हे काम नको.

सिंक संपल्यावर डीबीकॅश पुन्हा मूळ आकड्यावर आणा आणि नोड परत चालू करा. मग लॉग उघडा. सरासरी दहा मिनिटांनी नवा ब्लॉक आल्याची एक नवी ‘अपडेटटिप’ ओळ येईल, तिच्यावर आजची तारीख असेल आणि डिस्कचा दिवा क्षणभर लुकलुकून शांत होईल.