जुना डेस्कटॉप, मंद इंटरनेट आणि चेपलेली केबल

घरातील जोडणी २०० एमबीपीएसची असूनही माझ्या १० वर्षे जुन्या डेस्कटॉपवर वेग ९४ च्या पुढे कधीच जात नव्हता आणि मोबाइलवर तो पूर्ण मिळत असल्यामुळे दोष संगणकाच्या वयाचाच असावा, असे मी बराच काळ गृहीत धरले होते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा, म्हणजे संगणक आणि राउटर यांच्यातील जोडणीचा, वेग १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसला, तेव्हा संशय केबलवर गेला. १०० एमबीपीएसला तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) मात्र चारही लागतात. टेबलाच्या पायाखाली चेपलेल्या माझ्या केबलमधील एखादी जोडी बहुधा तुटली असावी. गिगाबिट वेग पेलणारी नवी कॅट ५ई केबल लावताच वेग १९० वर गेला; रॅमसाठी बाजूला ठेवलेले पैसे तसेच राहिले.