दशक्रियेच्या प्रवचनाला कोणते महाराज बोलवावेत

आमच्या कुकडीकाठच्या गावांत कुणाचं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी, राख सावडतानाच विषय निघतो : दहाव्याला प्रवचन कुणाचं ठेवायचं? मी भजनी मंडळात वीणा धरतो, म्हणून हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. तोवर भावकीतल्या कुणीतरी मोबाईल काढून यूट्यूबवर गाजलेल्या महाराजांचं नाव पुढे केलेलं असतं. तिथं थांबा. आधी घरात जा आणि गेलेल्या माणसाच्या बायकोला, आईला, लेकींना विचारा. कुणाचं बोलणं त्यांना सोसेल हे ओट्यावर बसलेल्यांना कळत नाही.

व्हिडिओवरून महाराज ठरवू नका. तिथं दिसतं ते बहुतेक सप्ताहातलं कीर्तन : टाळकरी, मृदंग, हसतं-खेळतं मैदान. दशक्रियेचं प्रवचन म्हणजे सकाळी आठ वाजता, नदीच्या घाटावर, पिंडांची तयारी चाललेली असताना बसून बोलणं. हजारोंना हसवणाऱ्याला हे जमेलच असं नाही. महाराजांना दुसऱ्याच्या दशक्रियेत ऐकलेल्या माणसाला विचारा. पंचक्रोशीत असा माणूस हमखास सापडतो.

माझी खरी कसोटी एकच आहे. महाराज फोनवर काय विचारतात? आईच्या वेळी शेजारच्या गावच्या महाराजांनी आदल्या संध्याकाळी फोन केला. आईचं माहेर कुठलं, वारी केली होती का, जात्यावर काय म्हणायच्या, असं सगळं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरूपणाला तिच्या तोंडातलाच अभंग घेतला. माझ्या बहिणी त्या दिवशी पोटभर रडल्या. फक्त ‘वेळ आणि पत्ता पाठवा’ म्हणणाऱ्या महाराजांना तुम्हीच एक कागद लिहून पाठवा. नाव घरात हाक मारायचे तेच लिहा. काय पिकवलं, कुणाला सांभाळलं, कशाची आवड होती, हे लिहा. कशाचा उल्लेख नको तेही लिहा.

मरण अकाली असेल तर निवड फार जपून करा. विष घेतलेल्या एका तरुण शेतकऱ्याच्या दशक्रियेला मी ‘आत्महत्या हे महापाप’ यावर लांबलचक निरूपण ऐकलंय. त्याची बायको समोर बसली होती, मांडीवर पोर. अपघातात पोरगं गेलेल्या आईला पूर्वजन्मीचं कर्म समजावणारेही भेटतात. अशा घरासाठी मी मोठं नाव शोधत नाही. ज्यांच्या स्वतःच्या घरात असं दुःख झालंय असे वयस्क महाराज शोधतो. ते कमी बोलतात. आणि फोनवरच स्पष्ट सांगतो : पाप, कर्म, भोग यातलं काही नको.

दुसरी गोष्ट, घरधनी गेला असेल तर बायकोच्या बांगड्या-कुंकवाचं काय, हे प्रवचनकार आणि पिंडदान करणारे गुरुजी दोघांशीही आधी बोला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, मग सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तसं आवाहन केलं. तरी घाटावर म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात सुनेला एकटीने नाही म्हणणं कठीण जातं. महाराजांनी माईकवरून ‘या माउलीचं कुंकू पुसायचं नाही’ म्हटलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या ऐकतात. एवढं बोलायला जे तयार नसतात त्यांना मी बोलवत नाही. मुलगी पिंडदान करणार असेल तर गुरुजींनाही तसंच आधी विचारा. विधी नकोच असतील तर सत्यशोधक पद्धत आहे, महात्मा फुल्यांनी १८७३ साली समाज स्थापला तेव्हापासूनची. तिच्यात भटजी लागत नाही.

वेळ बांधून द्या. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात, ती आवरायला माईक घरच्याच एका खंबीर माणसाच्या हाती द्या. मुंडन करून उघड्या अंगाने बसलेली पोरं आणि कावळा शिवायची वाट बघणारी म्हातारी माणसं उन्हात ताटकळतात.

पैशाचं बोलायला लाजू नका. ‘महाराज, सेवा काय द्यायची?’ असं ठरवतानाच विचारावं. काही पाकीट घेत नाहीत, त्यांना गाडीखर्च तरी द्यावा. सेवा केली तिथं जेवायचं नाही, हा नेम पाळणारेही आहेत, त्यांना पंगतीचा आग्रह करू नये.

आषाढी वारीच्या दिवसांत आणि कार्तिकात आळंदीच्या सोहळ्याच्या वेळी बहुतेक महाराज गावात नसतात. चैत्रात सप्ताह असतात. तेव्हा लांबच्या नावामागे न लागता आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून आलेला जवळपासचा एखादा तरुण बघा. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली ही संस्था, तिथं शिकलेली पोरं तालुक्यात बऱ्याच गावांत आहेत. आणि ठरलेले महाराज वाटेत अडकले तर कोण बोलणार, हे आदल्या रात्रीच ठरवून त्या माणसाला सांगून ठेवा. गावातले जुने गुरुजी असोत की गेलेल्याचा मित्र, घरच्यांनी लिहिलेला तो कागद त्यांच्याकडेही देऊन ठेवा.