दुपारी मान टाकलेल्या झाडाला लगेच पाणी घालू नका

कुंडीतलं रोप गेलं म्हणून जे विचारायला येतात, त्यांतल्या बहुतेकांनी ते पाणी घालूनच मारलेलं असतं.

एका एप्रिलमध्ये मी आठ दिवस गावी गेले आणि गच्चीवरची टोमॅटोची चार रोपं भाच्यावर सोपवली. दुपारी दोनला पानं लोंबली की तो घाबरून तांब्याभर पाणी ओतायचा. पोरगं मायेनंच करत होतं. परतले तेव्हा रोपं सकाळीसुद्धा लोंबलेली, कुंड्या जड आणि मातीला कुबट वास. एक रोप उपटलं. मुळं तपकिरी झाली होती, चिमटीत धरताच साल सुटून आली आणि आत दोऱ्याएवढी शीर उरली.

झाड जेवढं पाणी ओढतं, त्यातलं बहुतेक सगळं, ९५ टक्क्यांहून जास्त, पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन जातं. त्या वाफेच्या ओढीनंच पाणी खोडातून वर चढतं. भर उन्हात वाफ इतक्या वेगानं जाते की ओल्या मातीतली मुळंही पुरी पडत नाहीत. पानं मलूल होतात, ऊन उतरलं की सावरतात. तेवढा धीर धरा! चिखलात मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात आणि पाण्यात उभं राहून झाड तहानतं. मी सकाळी सातच्या आत बघते. तेव्हाही पान लोंबलेलं असेल आणि बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली, तरच पाणी. ओलावा मोजायचं यंत्र मी कधी घेतलं नाही.

दुसरी चूक अळूची. पहाटे पानाच्या टोकाला थेंब दिसला की लोक रोग समजून बुरशीनाशक मारतात. दव पानभर पडतं. हे थेंब फक्त टोकाला किंवा कडेला, ठरावीक जागीच येतात. रात्री रंध्रं मिटलेली, माती ओली, हवा दमट, मग मुळांच्या दाबानं पाणी कडेच्या छिद्रांतून बाहेर येतं. याला बिंदुस्राव म्हणतात. औषध नको. रोज होत असेल तर संध्याकाळचं पाणी कमी करा. थेंब वाळून पांढरा डाग राहिला तर ते क्षार असतात. खताचा हात आखडा.

भर दुपारी कुंडी बदलू नका. मुळं दुखावलेली असतात आणि पानं पाणी मागत असतात.

निशिगंधाचे दांडे फुलदाणीत ठेवताना देठ बादलीत, पाण्याखाली धरून कापा. हवेत कापले तर नळ्यांत हवा शिरते आणि वरच्या कळ्यांपर्यंत पाणी पोचत नाही.