अमूर्त चित्रांची नोंद कशी ठेवावी

निसर्गचित्रात आकाश वर आणि जमीन खाली हे कुणालाही कळतं. अमूर्त चित्राला ती सोय नाही. डच अमूर्त चित्रकार पीट मोंद्रियान यांचं १९४१ सालचं, चिकटपट्ट्या लावून केलेलं ‘न्यूयॉर्क सिटी १’ अनेक दशकं उलटं टांगलं गेलं असावं, असं २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयाकडून सांगण्यात आलं. त्यावर सही नव्हती. आता फिरवलं तर जुन्या पट्ट्या सुटतील, म्हणून ते तसंच ठेवलं.

तेव्हा चित्र पूर्ण झालं की लगेच पाठीमागे नोंद करावी. ‘नंतर एकदम करू’ म्हटलं की राहतंच. कॅनव्हासच्या कापडावर मार्कर चालवू नये, शाई कालांतराने पुढे झिरपू शकते. बॉलपेन दाबून लिहिलं तर रंगाच्या थरावर उठाव येतो, कधी तडाही जातो. कॅनव्हास ज्यावर ताणलेला असतो त्या चौकटीच्या लाकडी पट्टीवर मऊ पेन्सिलीने लिहावं: क्रमांक, नाव, वर्ष, माध्यम, माप आणि वरची बाजू दाखवणारा ठळक बाण. मापात आधी उंची, मग रुंदी. ९० × १२० सेंमी म्हणजे आडवं चित्र. आकडे उलटले की कॅटलॉगवाला ते उभं धरून चालतो.

क्रमांक २०२५-०१४ असा, वर्ष आधी. चित्र नष्ट केलं तरी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. सगळ्या चित्रांना ‘अशीर्षक’ म्हणायची हौस असेल तर क्रमांक हीच त्यांची ओळख. जोडचित्र असल्यास ०१४-अ, ०१४-आ करून डावं कुठलं तेही लिहावं. डावं म्हणजे समोरून पाहताना डावं. पाठीमागून बाजू बदलतात आणि हमखास घोटाळा इथेच होतो.

‘मिश्र माध्यम’ एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. गेसो (रंगाखालचा पांढरा अस्तर-लेप), ॲक्रिलिक, कोळसा, वाळू, मेण जे असेल ते थरांच्या क्रमाने नोंदवावं. तैलरंगावर ॲक्रिलिक चढवलं असेल तर ते पुढे सुटण्याची शक्यता असते. शिवाय ॲक्रिलिकचा थर अनेक द्रावकांनी मऊ पडतो. चित्र दुरुस्त करणाऱ्याला हे आधीच ठाऊक हवं.

फोटो व्हार्निश आणि काच लावण्याआधी काढावा. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेरा तिपाईवर, चित्राच्या मध्याशी आणि समांतर. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८. मोबाइलची रुंद लेन्स जवळून वापरली तर फोटोत चित्राच्या कडा फुगतात, त्यामुळे जरा लांब जाऊन झूम केलेलं बरं. प्रकाश सारखा आहे का हे पाहायला चित्राच्या मध्याशी, पृष्ठभागाला न टेकवता, पेन्सिल चित्राशी काटकोनात रोखून धरावी: तिच्या दोन्ही सावल्या सारख्याच गडद दिसायला हव्यात. पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) ठेवलं की रंग नंतर नीट जुळवता येतात. जाड रंगलेपन असेल तर एकाच दिव्याने, अगदी बाजूने प्रकाश टाकून आणखी एक फोटो घ्यावा. सुरीचे फटकारे त्यातच कळतात. मूळ फाइल जपून ठेवावी, पाठवायला जेपीजी पुरते.

नोंदवहीत ‘सध्या कुठे’ हा रकाना हवाच: कुणाकडे, कधीपासून, पोच मिळाली का. गॅलरीला दिलेल्या प्रत्येक चित्राची सहीची पावती घ्यावी. वहीची एक प्रत स्टुडिओबाहेर असावी.

जुन्या, नोंद नसलेल्या चित्रांवर अंदाजाचं नेमकं वर्ष टाकू नये, ‘सु. २०१२’ (सुमारे २०१२) लिहावं. वरची बाजू ठरवताना जुने प्रदर्शनातले फोटो, टांगायच्या तारेची जागा, हुकांची भोकं पाहावीत. रंगाच्या ओघळांवर मात्र भिस्त नको, कारण काम करता करता कॅनव्हास फिरवणारे चित्रकार काही थोडेथोडके नाहीत.